दीडशे रिपोर्ट आणि एक खिडकी

आज ऋषिपंचमी. मोदकपात्र घासून पालथं घातलंय, अंगठ्याला उकडीचा चटका बसलाय तो दर वर्षीचाच. दुपारनंतर दीड दिवसाचे गणपती चौपाटीकडे निघतील आणि मग गल्लीत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येणार नाही. त्याआधी गेल्या वर्षी माझ्या नावाने निघालेल्या खोट्या खात्याची गोष्ट लिहून टाकते. वर्षभर "लिही गं, लिही गं" म्हणून भाची मागे लागली आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, की मी एका बँकेत ३१ वर्षं काढली. त्यातली बहुतेक काउंटरवर. निवृत्त झाल्यावर ठाकुरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांतून उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्यायला लागले. २०१७ साली भाचीने एका सोशल मीडियावर खातं उघडून दिलं. कुठल्या, ते लिहीत नाही. तुमच्या फोनमध्ये ते आहेच. नऊवारी नेसून मोदकपात्रापाशी उभी असलेली मी, असा तिथला फोटो. गेल्या वर्षीपर्यंत दोन हजारांवर लोक जमले होते, आणि गणपतीच्या निम्म्या ऑर्डरी तिथूनच यायच्या.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला शनिवारी होती. आदल्या दिवशी हरतालिका. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी नारळ खोवत बसले होते, तर दारात एक बाई. चाळीस-बेचाळीसच्या असतील. हातात स्टीलचा मोठा डबा, घामाने थबथबलेल्या. पार्ल्याहून ट्रेनने चर्नी रोडला उतरून चालत आल्या होत्या.

"काकू, बेचाळीस मोदक. पैसे भरलेत मी मंगळवारीच. आत्ता न्यायला या म्हणाला होतात."

मी म्हटलं, "मी म्हणाले होते?"

त्यांनी फोन पुढे केला. खातं माझं होतं. म्हणजे नऊवारीतला फोटो माझा, मोदकपात्र माझं, कळ्या पाडणारा भाजलेला अंगठा माझा. पत्ता माझा. फक्त नावात जिथे माझी एक रेघ होती तिथे टिंब होतं, आणि फोन नंबर दुसराच. "२१ मोदक फक्त ५९९, पूर्ण रक्कम आगाऊ." माझा मोदक चाळीस रुपयांचा, म्हणजे एकवीस होतात ८४०. त्या बाईंनी दोन डब्यांचे १,१९८ रुपये पाठवले होते.

मग मी माझ्या फोनवर ते खातं शोधायला गेले. नाहीच. पुन्हा शोधलं, नाही. त्यांच्या फोनवर दिसतंय आणि माझ्यावर नाही. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, चष्मा पुसला. नंतर कळलं, की तोतयाने सगळ्यात आधी मला ब्लॉक केलं होतं. ज्याची नक्कल करायची त्यालाच डोळ्यांवर पट्टी. म्हणजे ऑगस्टपासून हा मनुष्य माझ्या नावाने दुकान मांडून बसला होता आणि शहरात ते न दिसणारी बहुधा मी एकटीच.

त्यांनाही हरतालिकेचा उपास होता. एक केळं दिलं, बसवलं. माझ्याच घरात बसून त्यांनी १९३० ला फोन लावला. हा आर्थिक सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी हेल्पलाइन क्रमांक आहे आणि तो पाठ असायला हवा. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, बँक, वेळ, रक्कम विचारतात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत तो अडवायचा असतो, म्हणून तिथे तासांना किंमत असते. यांनी पैसे भरून तीन दिवस उलटले होते.

आता गंमत ऐका. त्या रात्री मी काय केलं? बँकेत ३१ वर्षं लोकांना "हा अर्ज इथला नाही, चार नंबरला जा" असं सांगणाऱ्या मी, चाळीच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर निरोप टाकला: या खोट्या खात्यावर सगळ्यांनी रिपोर्ट मारा.

आणि लोकांनी मारला! आपले लोक अशा वेळी जिवाला जीव देतात. रात्री अकरापर्यंत दीडशेच्या आसपास अंगठे आले. स्क्रीनशॉटही आले. रिपोर्ट करताना कारण निवडावं लागतं. बहुतेकांनी पहिलंच दिसलं ते "स्पॅम" दाबलं. काहींनी "मला हे आवडत नाही". दिरांनी, त्यांचा स्वभाव माहीत असलेल्यांना नवल वाटणार नाही, "हिंसा आणि दहशतवाद" निवडलं. मोदकांच्या फोटोवर. एका वहिनींनी चुकून माझ्याच खऱ्या खात्यावर रिपोर्ट मारला आणि तोही स्क्रीनशॉट अभिमानाने पाठवला.

मध्यरात्रीच्या आत सगळ्यांना एकाच साच्याची उत्तरं यायला लागली. तुमची तक्रार पाहिली, आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही, तुम्हाला हवं तर या खात्याला ब्लॉक करू शकता.

पहाटे साडेचारला उठले. पिठी, पाणी, तूप, मीठ. दुसरी खेप वाफेवर असताना फोन उघडला, सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तर माझं खातं गायब. माझं. दुसऱ्याची ओळख वापरल्याच्या कारणावरून खातं निलंबित केलं आहे, असा निरोप. सात वर्षांचे फोटो, गिऱ्हाइकांचे निरोप, आणि त्या दिवशीच्या सतरा ऑर्डरींचे पत्ते, सगळं त्या एका ओळीच्या पलीकडे. ऑर्डरी वहीत लिहिल्या होत्या म्हणून निभावलं. वही बंद पडत नाही आणि लॉगिनही मागत नाही.

शेजारच्या वहिनींचा मुलगा मालाडला एका बॅक ऑफिसात रात्रपाळी करतो. काम असं, की लोकांनी रिपोर्ट केलेला मजकूर बघायचा आणि ठेवायचा की काढायचा ते बटण दाबायचं. ज्या प्लॅटफॉर्मवर माझं खातं होतं त्याचं नाही, दुसऱ्याच कुठल्या ॲपचं. आठला घरी आला, तसाच माझ्याकडे बसवला. दोन मोदक, वर तुपाची धार, आणि म्हटलं, आता सांग.

"मावशी, किती जणांनी रिपोर्ट मारला ते मतांसारखं कुणी मोजत नाही. आमच्याकडे एकाच गोष्टीवरच्या तक्रारी एका गठ्ठ्यात येतात. गठ्ठ्यावर चिठ्ठी असते, कारण काय. चिठ्ठीवर स्पॅम लिहिलंय, तर मी स्पॅम शोधणार. बघितलं तर मोदक, किंमत, फोन नंबर. यात स्पॅम कुठाय? बंद. पुढचं."

"अरे पण फोटो माझे आहेत!"

"मला काय माहीत तुमचे आहेत? मी मालाडला बसलोय, मला एक खातं दिसतंय. शेजारी दुसरं तसंच खातं आहे हे मला कुणी दाखवलेलंच नाही."

मग तो म्हणाला, की पुष्कळदा माणसापर्यंत येतही नाही. आधी यंत्र चाळतं. गंभीर काय, वेगाने पसरतंय काय, नियम मोडला असण्याची शक्यता किती, यावर रांग लागते. त्या रांगेत मोदक कुठे असणार? लहान मुलांवरचे अत्याचार, आत्महत्येचं थेट चित्रीकरण, असलं पुढे असतं. हे सांगताना तो खाली ताटलीकडे बघत होता. तो रोज रात्री काय बघतो हे मी कधी विचारलेलं नाही, त्या दिवशीही विचारलं नाही. आणखी एक मोदक वाढला.

"आणि त्या चोराने माझं खातं कसं उडवलं? त्याच्याकडे दीडशे माणसं होती?"

"त्याच्याकडे एक फॉर्म होता," तो म्हणाला. "तोतयेगिरीचा. आता बघितलेलं नाही, पण अंदाजाने सांगतो. 'हे खातं माझी नक्कल करतंय' असा अर्ज त्यानेच टाकला असणार. तुमचाच फोटो जोडून. कदाचित बनावट ओळखपत्रही. त्यात तुमच्या बाजूच्या कुणीतरी तुमच्याच खात्यावर रिपोर्ट मारलाय."

मला एकदम आमची शाखा आठवली. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनच्या खिडकीवर रांग जिन्यापर्यंत जायची. त्यात कुणी हरवलेल्या डिमांड ड्राफ्टसाठी दोन तास उभा असायचा. पुढे आला की मी सांगायची, काका, ही खिडकी नाही. तो चिडायचा, मागचे चिडायचे. आणि ज्याला खिडकी माहीत असायची तो बाजूने जाऊन पाच मिनिटांत काम करून निघायचा. आम्ही दीडशे जण चुकीच्या खिडकीवर आरडाओरडा करत होतो. तो एकटा चार नंबरला गेला.

एवढं कळल्यावर मग मी पदर खोचला. अर्ज भरणं हे माझं काम आहे, त्यात मला कुणी हरवू शकत नाही.

पहिलं काम त्या मुलाने करून घेतलं, आणि ते आम्ही रात्रीच करायला हवं होतं: पुरावा. खोटं खातं उडवायच्या आधी त्याचे स्क्रीनशॉट, वरची पूर्ण लिंक, तारीख-वेळ, आणि ज्यात पैसे मागितले ते निरोप. नाव बदलता येतं, लिंक जपून ठेवली की माग राहतो. एकदा खातं गेलं की आपल्या हातात दाखवायला काहीच उरत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणीची माहिती कंपनीला तपासासाठी १८० दिवस सांभाळून ठेवावी लागते, पण ती पोलिसांनी मागायची, मला कोण देणार? माझ्या फोनवर तर ते खातं दिसतच नव्हतं. पार्ल्याच्या बाईंनी सगळं काढून पाठवलं. सणाच्या दिवशी, स्वतःच्या घरी गणपती बसत असताना.

दुसरं, तोतयेगिरीचा अर्ज. हा लॉगिन नसतानाही भरता येतो. मेख अशी, की ज्याची नक्कल झाली त्याने किंवा त्याच्या वतीने अधिकाराने कुणी केला तरच त्याला वजन. दीडशे हितचिंतकांचा इथे उपयोग नाही. त्याच नियमांत तेव्हा, २०२४ मध्ये, असंही होतं, की कुणी आपला तोतया झाल्याची तक्रार त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी केली, तर २४ तासांत तो मजकूर हटवण्याची पावलं उचलायची. बदललेल्या, जोडलेल्या फोटोंनाही हेच लागू. माझ्या नशिबाने खात्यावर माझा चेहरा होता. नुसता मोदकांचा फोटो आणि धंद्याचं नाव असतं, तर "हे नाव तुमचं कशावरून? ट्रेडमार्क आहे का?" इथून सुरुवात झाली असती. माझा ट्रेडमार्क वगैरे काही नाही. अन्न परवान्याचं नोंदणीपत्र आहे, तेवढं जोडलं. आधार जोडताना पहिले आठ आकडे झाकलेलं जोडलं, हे बँकेतलं शहाणपण.

तिसरी एक खिडकी मुलाने दाखवली ती कॉपीराइटची. फोटो मी किंवा भाचीने काढलेले, म्हणजे आमचेच. १९५७ च्या कायद्यात त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. कायदा सांगतो, की तक्रार आल्यावर तो मजकूर २१ दिवस बंद ठेवता येतो, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर पुन्हा सुरू. एकवीस! मी म्हटलं, बाप्पाचाच कायदा दिसतोय. पण हा अर्ज मी भरला नाही. साधा रिपोर्ट कुणी केला हे समोरच्याला कळत नाही, कॉपीराइटच्या अर्जात मात्र तक्रारदाराचं नाव आणि ईमेल समोरच्याला दिलं जाऊ शकतं. माझा पत्ता त्याच्याकडे होताच, त्यात ईमेलची भर कशाला घालू?

कॉपीराइटची ही खिडकी किती धारदार आहे ते आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना विचारा. मिरवणुकीचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात, मागे कुठलंतरी गाणं वाजत असतं. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक झाले की अख्खं चॅनेल जाऊ शकतं. पोरं आता फक्त ढोल-ताशाचं टाकतात.

चौथी खिडकी माझ्या स्वतःच्या खात्यासाठी, म्हणजे अपील. मुदत १८० दिवस दाखवत होते. "तुम्ही खऱ्या आहात हे सिद्ध करा" म्हणून कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायचा. डावीकडे वळा, उजवीकडे वळा, वर बघा. माझ्या हाताला पिठी, कपाळावर घाम, मागे गणपतीची आरती, आणि यंत्र सांगतंय, उजेड पुरेसा नाही. चार वेळा केलं. शेवटी गॅलरीत जाऊन केलं तेव्हा समोरच्या चाळीतल्या आजी हात जोडून उभ्या, त्यांना वाटलं मी सूर्याला ओवाळतेय.

रविवारी दुपारी खोटं खातं गेलं. अर्ज शनिवारी संध्याकाळी गेला होता, म्हणजे २४ तास व्हायच्या आत. पार्ल्याच्या बाईंचा फोन आला, "काकू, गेलं!" आम्ही दोघी जत्रेत हरवलेलं मूल सापडल्यासारख्या ओरडलो.

आणि रविवारीच संध्याकाळी माझं अपील फेटाळलं. कारण तेच, एका ओळीत. म्हणजे त्यांच्या दप्तरी आता दोघेही तोतये, आणि खरं कुणीच नाही. बँकेत एका माणसाच्या दोन सह्या जुळल्या नाहीत की आम्ही दोन्ही चेक परत करायचो, ते आठवलं. तेव्हा मला ते बरोबर वाटायचं.

इथे बहुतेक लोक थांबतात. मीही थांबले असते. रागाच्या भरात दुसऱ्या ॲपवरचं माझं जुनं खातंही पुसून टाकायला निघाले होते, भाचीने फोनवरून अडवलं. म्हणाली, फेसबुक-इन्स्टाग्रामवर खातं कायमचं मिटवायला सांगितलं तरी ३० दिवस थांबतात, तेवढ्यात लॉगिन केलं की विनंती रद्द होते. म्हणजे तुझ्यासारख्यांचा राग धरूनच नियम केलाय. मग तिने सांगितलं, तक्रार अधिकारी शोध.

हा अधिकारी असतो हे कितीजणांना माहीत आहे? पन्नास लाखांवर नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्रत्येक सोशल मीडिया कंपनीला भारतात राहणारा तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क आपल्या संकेतस्थळावर लावावा लागतो. २०२४ मध्ये नियम होता, तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत. नियम असाही आहे, की कंपनीने आपणहून काही काढलं तर का काढलं ते सांगायचं आणि बाजू मांडायची संधी द्यायची. ॲपमधलं रिपोर्टचं बटण ही दारावरची घंटा. हा अधिकारी म्हणजे आत टेबलामागे बसलेला माणूस, ज्याला आवक क्रमांक द्यावा लागतो. ते पान मात्र इतकं खोल पुरलेलं, की भाचीला ते शोधायला पाऊण तास लागला. आमच्या शाखेत तक्रारपेटी जिन्याखाली, झाडूच्या मागे असायची. सगळीकडे तेच.

सोमवारी अर्ज केला. बँकेत जसा लिहायचे तसाच लिहिला. विषय. संदर्भ, म्हणजे निलंबनाचा निरोप आणि अपिलाचा क्रमांक. घटना तारीखवार, सात ओळींत. "माझी बदनामी झाली, मला न्याय द्या" यातलं एक अक्षर नाही. खातं २०१७ चं, तोतया २०२४ चा, हे दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी. मूळ फोटोच्या फाइली, ज्यात फोटो कधी काढला ते लिहिलेलं असतं. आणि मागणी एकच: खातं पूर्ववत करावं. मंगळवारी पोच आली, त्यात क्रमांक होता. क्रमांक बघून मला किती बरं वाटलं सांगू. तिकडे गौरी आल्या होत्या, इकडे माझा आवक नंबर.

गुरुवारी, गौरी-विसर्जनाच्या संध्याकाळी, खातं परत आलं. पत्र वगैरे नाही, नुसतं आलं. जणू कुठे गेलंच नव्हतं.

नसतं आलं तर पुढची तयारी केली होती. अधिकाऱ्याचा निकाल पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरात नियम बदलून ही सोय केली आणि १ मार्च २०२३ पासून तिचं पोर्टल चालू झालं. सगळं ऑनलाइन. माझा अर्ज अजून फोनमध्ये पडून आहे. कुणाला नमुना म्हणून हवा असेल तर सांगा.

पोलिसांकडे गेलो का, असं पुष्कळांनी विचारलं. पार्ल्याच्या बाई गेल्या, कारण पैसे त्यांचे गेले होते. मी माझ्या इकडे अर्ज दिला. मुंबईत पाच प्रादेशिक सायबर पोलीस ठाणी आहेत, शिवाय सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. दुसऱ्याची ओळख चोरणं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क, संगणकाच्या साधनाने तोतया बनून फसवणं ६६ड. दिरांनी ग्रुपवर "सरळ चारशेवीस लावा" लिहिलं होतं. त्यांना सांगावं लागलं, की १ जुलै २०२४ पासून चारशेवीस राहिलं नाही, दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक ३१८ मध्ये गेली. त्यांना ते फार लागलं. एखाद्याला "तीनशे अठरा" म्हणून शिवी कशी द्यायची?

एक शंका मला तेव्हापासून छळत होती. दीडशे जणांनी लेखी सांगूनही कंपनी "उल्लंघन नाही" म्हणून मोकळी कशी होते? कायद्याने तिला ऐकावं लागत नाही का? याचं उत्तर शोधताना मी पालघरला जाऊन पोचले. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले आणि मुंबई बंद होती. त्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्यातलं एक कलम होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल शिक्षा देणारं. सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द केलं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की त्याच निकालात कोर्टाने कलम ७९ चाही, म्हणजे दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर केव्हा येते ते सांगणाऱ्या कलमाचाही, अर्थ लावला. कंपनीला बेकायदा मजकुराची "माहिती होती" असं कधी धरायचं? कोर्टाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली की. कुणीही उठून तक्रार केली म्हणून नाही. नाहीतर लाखो तक्रारींतली खरी कुठली आणि खोटी कुठली, याचा निवाडा कंपन्यांनाच करावा लागला असता, आणि जोखीम नको म्हणून त्यांनी दिसेल ते काढून टाकलं असतं.

म्हणजे आपलं रिपोर्टचं बटण कायद्याला लावलेलं नाहीच. ते कंपनीच्या घरच्या नियमांना लावलेलं आहे. सोसायटीत पाळीव कुत्र्याची तक्रार वॉचमनकडे करावी तसं. त्याने ऐकलं तर ऐकलं.

हे वाचत असताना मला काहीतरी आठवलं आणि मी लॅपटॉप मिटला.

२०२२ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर, आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एका मुलीच्या व्हिडिओची लिंक आली होती. बावीस-तेवीसची असेल. हळदीकुंकवात वाटतात त्या स्टीलच्या वाट्यांवरून टिंगल केली होती, आणि सासवांवरून. वर लिहिलं होतं, "आपल्या संस्कृतीचा अपमान. सगळ्यांनी रिपोर्ट मारा." मी व्हिडिओ पहिले वीस सेकंद बघितला. मग रिपोर्ट दाबला. कारण निवडलं: द्वेष पसरवणारा मजकूर. वाट्यांवरून. तीन-चार दिवसांनी ग्रुपवर आलं, "खातं उडालं!" खाली टाळ्यांचे हात. त्यात माझेही दोन हात होते. जुना फोन तसाच आहे, मी जाऊन बघितलं.

शेजारच्या मुलाला विचारलं, आमच्यामुळे गेलं असेल का रे? तो म्हणाला, सांगता येत नाही मावशी. रिपोर्टच्या संख्येने नाही, पण एवढे एकदम आले की कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेलं असेल, आणि रात्री तीन वाजता त्याचा डोळा लागत असेल. किंवा तिनेच वैतागून बंद केलं असेल. किती शिव्या आल्या असतील तिला. आणि मराठी न येणाऱ्याकडे तो व्हिडिओ गेला असेल तर त्याला फक्त एक मुलगी ओरडताना दिसली असेल.

मी तिला शोधलं. नाव अर्धवट आठवत होतं. सापडली नाही. आमच्या ग्रुपवर विचारलं, कुणाकडे ती लिंक आहे का, तर एक वहिनी म्हणाल्या, "का हो, पुन्हा काही बोलली का ती?"

काल चतुर्थीला सकाळी दहाला पार्ल्याच्या बाई आल्या. या वर्षी फोनवर ऑर्डर दिली होती, माझा आवाज ऐकून, वर "गेल्या वर्षी तुमच्याकडे उपासाला मी काय खाल्लं होतं?" असं विचारून. मी म्हटलं, केळं. मग ऑर्डर सांगितली, त्रेसष्ट. तोच स्टीलचा डबा. मी डबा भरला, मधे केळीचं पान घातलं. त्यांनी जिन्यात उभं राहून वरचा थर मोजला, झाकण लावलं, आणि मग फोन काढून म्हणाल्या, "हं, आता सांगा किती झाले."